माळाचा वाटेकरी

आमच्या लहानपणी घरात मोत्या नावाचं कुत्रं होतं. ते भुंकलं तर कुणी फारसं लक्ष देत नसे. कोल्हा असेल, तरस असेल, नाहीतर बाजाराहून उशिरा परतणारा कुणी गडी. पण एखाद्या रात्री ते भुंकायचं सोडून मुकाट उंबऱ्याशी येई. शेपूट पायांत, मानेपासून पाठीपर्यंतचे केस ताठ, आणि घशात अगदी बारीक गुरगुर. आजोबा हातातला घास ताटात ठेवत. "आलं," एवढंच म्हणत. आजी कंदील घेऊन शेरडांच्या खोपटाचं कवाड नीट लागलंय का ते बघायला निघे आणि तिच्या मागं आम्ही पोरं, भीत भीत आणि खुशीत.

काय आलं ते कुणी बोलून दाखवत नसे. रात्री त्याचं नाव घ्यायचं नाही, असा आजीचा दंडक होता. सकाळी मात्र पाणवठ्यावर उघड चर्चा व्हायची : लांडगं आलं होतं.

ही गोष्ट १९६५-६६ च्या सुमाराची. बारामती तालुका म्हटलं की पुण्या-मुंबईच्या माणसाला ऊस, साखर कारखाने आणि पाटाचं पाणी आठवतं. तो तालुक्याचा खालचा, नीरेच्या डाव्या कालव्यावरचा बागायती पट्टा. कालवा इंग्रजांच्या अमदानीत आला आणि तालुक्याच्या दक्षिण अंगानं निघून गेला. आम्ही सुप्याकडचे, जिरायती. पाऊस वर्षाला वीस इंचांच्या आतबाहेर, तोही आला तर. वीतभर मातीखाली मुरूम. बाजरी, हुलगा, मटकी निघाली तर निघाली. बागायतदार आपली मुलगी आमच्याकडे द्यायला कचरत. त्यांच्या भाषेत आम्ही 'माळावरचे'.

पण माळ म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं. पहिल्या पावसानंतर आठवडाभरात तांबडा मुरूम हिरवा पडायचा. पवना, मारवेल आणि कुसळी. कुसळीची कुसळं धोतरात, घोंगड्यात, मेंढराच्या लोकरीत अशी घुसायची की आजी सुई घेऊन काढत बसे. मधूनच एखादं हिवर, बोरीचं झुडूप, तरवडाची पिवळी फुलं. चंडोल आभाळात चढून गायचा आणि दगडासारखा खाली यायचा. पखुर्ड्यांचे थवे सकाळी ठरल्या वेळी पाण्यावर येत, त्यावरून माणसं कामाची वेळ धरत. चिंकारा तर इतके, की त्यांचं कुणाला कौतुक नव्हतं. दिवाळीनंतर गवत वाळून पिवळं-करडं पडे, आणि मग गवत आणि लांडगा एकाच रंगाचे होत. शंभर पावलांवर उभा असला तरी हलल्याशिवाय दिसत नसे.

मी पहिल्यांदा पाहिला तो असाच, हलला म्हणून. पोथीतल्या चित्रातल्यासारखा राक्षस निघेल असं वाटलं होतं. निघाला उंच पायांचा, अंगानं वाळलेला, एखाद्या उपाशी कुत्र्यासारखा. वजन वीस किलोच्या आसपास असतं हे मला पुढं पुस्तकातून कळलं. पण तो आमच्याकडे ज्या तऱ्हेनं बघत राहिला तसं कुत्रं बघत नाही. कुत्रं माणसाकडे बघतं तेव्हा त्याला काहीतरी हवं असतं. याला आमच्याकडून काही नको होतं. बघून झाल्यावर तो वळला आणि चालत गेला. पळाला नाही, याचा मला कितीतरी दिवस राग होता.

पावसाळ्यात धनगरांचे वाडे माळावर असत. वाडा म्हणजे घर नव्हे, मुक्काम. घोड्यावरून संसार उतरायचा, तीन दगडांची चूल मांडायची, आणि संध्याकाळी जाळ्याची वाघर उभी करून त्यात मेंढरं कोंडायची. दिवाळीनंतर हीच मंडळी घाट उतरून कोकणात जात आणि मिरगाच्या तोंडावर परत येत. लांडगाही त्यांच्या मागोमाग घाटमाथ्यापर्यंत जातो, असं गावात सांगत. खरं की गप्पा, बघायला कोण गेलं होतं! वाडा निघण्याआधी आजोबा रानात चार रात्री मेंढरं बसवून घेत. लेंड्या-मुताचं खत रानाला, आणि बदल्यात धान्य वाड्याला. त्या वाड्यावरच्या म्हाताऱ्या मेंढक्याशी आजोबांचा घरोबा होता. आम्ही त्याला मामा म्हणायचो.

लांडग्याची कामाची पद्धत मला या मामानंच सांगितली. दोघं येतात. एक समोरच्या टेकाडावर मुद्दाम दिसेल असा उभा राहतो. कुत्री त्याच्यावर तुटून पडतात, पोरं काठ्या घेऊन धावतात, आणि तो त्यांना लांब लांब घेऊन जातो. दुसरा खालच्या ओढ्यातून येतो आणि मागं राहिलेलं कोकरू उचलतो. "समोर दिसतोय त्याच्याकडं बगायचं न्हाय," मामा म्हणायचा, "पाट कुनीकडं हाय ते बगायचं." शिव्या तर तो लांडग्याला अशा द्यायचा की त्या इथं लिहिता येणार नाहीत. पण त्याच मामाचं दुसरं एक वाक्य होतं. मेंढरं मोजताना त्याचा नेहमी एक-दोनचा घोळ व्हायचा, आम्ही हसायचो, तर तो म्हणाला, "लांडग्याचं सोडून मोजावं, म्हंजी मोजनी बरूबर येती."

हे दयेचं बोलणं नव्हतं, हे नीट सांगायला हवं. लांडगा देवाचा, माळ देवाचा असं मानून हात जोडणारे होते, आणि संधी मिळाली तर त्यालाच कुऱ्हाडीनं तोडणारेही होते, आणि बरेचदा ही दोन्ही एकच माणसं होती. वर्षाला पाच-सहा कोकरं जाणार हा हिशेब धरलेला. सारा, बलुतं, लांडगा. सहाची बारा झाली की मग काठी निघायची.

असंच एकदा निघाली. पौष महिना. वाडे कोकणात गेलेले, त्यामुळे माळावर लांडग्याला खायला काही नाही, आणि नेमक्या याच दिवसांत त्यांची पिल्लं झालेली असतात. मग गावातली शेरडं जायला लागली. आठवड्यात सात गेली. त्यातल्या दोन एका विधवेच्या होत्या, तिचं दुसरं काही नव्हतंच. चावडीवर ठरलं आणि सकाळी वीस-पंचवीस माणसं निघाली. एकाकडे ठासणीची बंदूक, बाकीच्यांकडे कुऱ्हाडी आणि पहारी. ओढ्याच्या काठाला, धसलेल्या दरडीत बीळ सापडलं. तोंडाशी वाळकं तरवड आणि शेणी पेटवून धूर आत सोडला. मादी मागच्या तोंडानं निसटली आणि दूर जाऊन उभी राहिली. बंदुकीचा बार झाला, लागला नाही. मग एकानं आत हात घालून पिल्लं काढली. चार. डोळे नुकते उघडलेले, अंग काळपट, पिवळेपणाचा पत्ता नाही. पोत्यात भरून ती चावडीवर आणली. पुढं काय झालं ते मी पाहिलं, आणि ते मला चांगलं आठवतं. त्या रात्री आमच्या घरात गोडाधोडाचं झालं, हेही आठवतं. मी चवीनं खाल्लं.

मराठीत कोल्ह्याच्या ओरडण्याला कोल्हेकुई हा शब्द आहे. लांडग्याच्या आवाजाला शब्द मला तरी सापडलेला नाही. त्यानंतरच्या दोन-तीन रात्री ओढ्याकडून जो आवाज येत होता, त्याला काय म्हणायचं हे मला आजही कळत नाही.

आजोबा म्हणत, "आता काय, नुसतं मारायचं. आमच्या बापाच्या वक्ताला बक्षीस मिळायचं." ते खरंच होतं. इंग्रज सरकारनं लांडग्याला गुन्हेगारांच्या यादीत घातलं होतं. मारल्याचा पुरावा कचेरीत दाखवला की रोख इनाम. इतिहासकार महेश रंगराजन यांनी सरकारी कागदांतून काढलेला हिशेब वाचला तेव्हा मी गार पडलो : १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत देशात ८०,००० वाघ, दीड लाखाहून अधिक बिबटे आणि २,००,००० लांडगे मारले गेले. वाघासाठी राजे-रजवाडे आणि साहेब होते, त्यांचे फोटो आहेत, भिंतीवर मुंडकी आहेत. लांडग्याच्या शिकारीचा कुणी फोटो काढला नाही. ती शिकार नव्हतीच, ती साफसफाई होती. कोल्हापूर दरबारनं काळवीट मारायला चित्ते पाळले, देशातले संपत आल्यावर आफ्रिकेतून आणवले. गाडीवर बसवून, डोळ्यांवर टोपी घालून त्यांना माळावर नेत. फासेपारधी हरणाच्या वाटेवर फासे लावत. लांडग्याच्या तोंडचं हरिण अशा अनेक हातांनी कमी होत गेलं आणि तो शेरडा-मेंढरांकडे अधिकाधिक वळला. मग त्याला चोर म्हणायला आपण मोकळे.

आणि तरीही, माझ्या लहानपणी तो होता. इनाम, धूर, कुऱ्हाडी सगळं पचवून होता. याचं कारण एकच, माळ होता.

१९७२ साली दोन गोष्टी झाल्या. एक सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे : दुष्काळ. सुकडी, मिलो, खडी फोडायची कामं. दुसरी आमच्या गावात कुणाला कळलीही नाही : त्याच वर्षी दिल्लीत वन्यजीव संरक्षण कायदा झाला. लांडगा मारणं आता गुन्हा होता. ज्या हातांनी बिळात धूर सोडला ते हात तेव्हा पाझर तलावाच्या भरावावर माती टाकत होते. आज मागं वळून पाहिलं की वाटतं, लांडग्याचं भवितव्य त्या कायद्यानं कमी आणि त्या भरावानं जास्त ठरवलं. दुष्काळानं आम्हाला एक शिकवण दिली, की पाणी अडवा, विहीर खोल करा, काहीही करा पण जिरायती राहू नका. चुकीची म्हणायची माझी टाप नाही. मी ती सुकडी खाल्लेली आहे.

पुढचं सगळं हळूहळू, एकेक भलं काम होत झालं. पाझर तलाव झाले. १९८० मध्ये भीमेवर उजनी पुरी झाली आणि इंदापूरकडे ऊस चढत गेला. सामाजिक वनीकरणवाले आले. त्यांच्या लेखी माळ म्हणजे झाडं तोडल्यामुळे उघडं पडलेलं रान, त्यामुळे त्यांनी समतल चर खणले आणि त्यांत गिरिपुष्प लावलं. आम्ही शाळेतली पोरं घेऊन (मी तेव्हा तालुक्यात मास्तर होतो) श्रमदानाला गेलो, खड्डे काढले, झाडं लावा झाडं जगवाच्या घोषणा दिल्या. हजारो वर्षं गवताचंच असलेलं रान आम्ही 'हिरवं' करत होतो. सातबाऱ्यावर आणि सरकारी नकाशात त्याला एकच शब्द होता, पडीक. पडीक म्हणजे जिथं कुणी राहत नाही आणि ज्यातून काही निघत नाही. चंडोल, खोकड, धाविक, पखुर्डी, लांडगा आणि वर्षातले पाच महिने धनगर, यांची कुठल्याच रकान्यात नोंद नव्हती.

मग उपसा सिंचन आलं. बोअर आल्या. प्लास्टिकच्या कागदाची शेततळी आली, डाळिंब आलं, त्यामागं सीताफळ आणि ऊसही. जेजुरीला, कुरकुंभला, बारामतीला औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. नव्वदनंतर पुण्याचे दलाल यायला लागले, आणि ज्या माळाच्या एकराला आमच्या आजोबांनी एक बैलजोडी दिली नसती त्याचे गुंठ्यावर भाव सुटले. आमच्याही भावकीनं विकली. मी सही केली. आज त्या ओढ्याकाठच्या दरडीच्या जागी तारेचं कुंपण आहे, चुना मारलेले दगड आहेत आणि एका कमानीवर कुठल्याशा 'व्हॅली'चं नाव आहे. दरी आमच्या सात पिढ्यांनी तिथं पाहिली नव्हती.

राखीव म्हणून काही ठेवलं, नाही असं नाही. १९७९ मध्ये माळढोकासाठी सोलापूर-नगर भागात ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य कागदावर जाहीर झालं, गावंच्या गावं त्यात आली, जमिनीचे व्यवहार अडले, लोक चिडले, पुढं ते कापून खूपच लहान केलं. आमच्या सुप्याला १९९७ मध्ये मयूरेश्वर अभयारण्य झालं, चिंकारासाठी, ५.१४ चौरस किलोमीटर. कर्जतजवळचं काळविटांचं रेहेकुरी २.१७. लांडग्याच्या एका टोळीला फिरायला शंभर-दीडशे चौरस किलोमीटर सहज लागतात. त्या माळढोक अभयारण्यातल्या नान्नजच्या माळावर संशोधक बिलाल हबीब यांनी लांडग्यांना रेडिओपट्टे लावून त्यांचा माग काढला, त्यानंतर तरी हे अंदाजावर राहिलेलं नाही. म्हणजे मयूरेश्वर हे लांडग्याच्या दृष्टीनं घर नव्हे, फार तर ओसरी. बाकीचा संसार त्याला आपल्यातच करायचा आहे.

ऊस आला तसा मागून बिबट्या आला. माझ्या लहानपणी आमच्या भागात बिबट्याची कथासुद्धा नव्हती, तो घाटाकडचा, जुन्नरचा. आता दौंड-बारामतीच्या उसात त्याची पिल्लं सापडतात. त्याला लपायला आडोसा हवा, तो आपण एकरांनी लावला. लांडग्याला लांबवर नजर पोचेल असं उघडं रान हवं, ते आपण एकरांनी मोडलं. एकाच पाटाच्या पाण्यानं एकाला आणलं आणि एकाला घालवलं, आणि यात कुणाच्या मनात एकाबद्दल प्रेम किंवा दुसऱ्याबद्दल राग नव्हता.

राग तर उलट संपला आहे. आज लांडग्याचे चाहते आहेत. कडबनवाडी आणि शिर्सुफळच्या माळावर वनखात्याची सफारी आहे. पहाटे पुण्याहून गाड्या येतात, माणसाच्या हाताएवढ्या लेन्सा खिडकीतून बाहेर निघतात. मीही गेलो, पैसे भरून, आमच्याच माळावर. गाडीतली एक मुलगी लांडगा दिसल्यावर रडली. मला तिचं हसू आलं नाही, खरंच नाही. तिला एवढं कळत होतं की दिसतंय ते थोडं उरलं आहे. आपला लांडगा जगातल्या आज हयात असलेल्या लांडग्यांच्या सर्वांत जुन्या शाखांपैकी एक आहे, हे २०२१ साली जनुकांच्या अभ्यासातून पुढं आलं. सगळ्या देशात मिळून ते ३,००० च्या आसपास असावेत, म्हणजे जवळपास वाघांइतकेच. तेही तिनंच मला सांगितलं. ज्यानं बिळात धूर सोडताना पाहिला होता, तो मी तिच्यापुढं मान हलवत बसलो.

एवढं खरं, की त्या गाडीतल्या कुणाचंही कोकरू जाणार नव्हतं.

ज्याचं जातं तो मामाचा नातू. वाडा आता घोड्यावर नाही, टेम्पोत निघतो. मेंढरं तीनशेची सव्वाशे झाली आहेत, कारण चरायला जागा नाही. माळावर कुंपणं, रानात डाळिंब, आणि खताला पोती मिळतात म्हणून रानात मेंढरं बसवून घेणारेही थोडेच. पालखी मार्ग चौपदरी झाला तेव्हापासून मेंढरांचं खांड पलीकडे न्यायचं म्हणजे जीव मुठीत. तोच रस्ता लांडग्यालाही ओलांडायचा असतो, आणि त्याला कुणी लाल फडकं दाखवत नाही. सरकार आता लांडग्यानं मारलेल्या जनावराची भरपाई देतं. मी नातवाला विचारलं, मिळते का? तो म्हणाला, "मास्तर, वाघ मारून टाकतो. लांडगं कोकरू उचलून न्हेतंय. पंचनामा कशाचा करायचा, रगताच्या थेंबाचा?"

मी त्याला त्याच्या आजोबाची मोजणी सांगितली, लांडग्याचं सोडून मोजण्याची. तो हसला. "तीनशे व्हती तवा सोडायला परवडत हुतं."

त्याच्या आणखी एका तक्रारीकडे मी आधी लक्ष दिलं नव्हतं. गावाबाहेर कोंबड्यांच्या शेड झाल्या आहेत. मेलेल्या कोंबड्या माळावर आणून टाकतात. त्यावर गावची मोकाट कुत्री जगतात, दहा-दहा, पंधरा-पंधराची टोळकी. रात्री लांडगाही त्याच उकिरड्यावर येतो. तिथं दोघांची गाठ पडते. आमच्या मोत्याच्या काळात या गाठीचा एकच शेवट होता, सकाळी कुत्र्याचा पट्टा सापडायचा. आता लांडगे दोन आणि कुत्री पंधरा. एकट्या पडलेल्या लांडग्याला जोडीला लांडगा मिळत नाही, कुत्रं मिळतं. पुण्याच्या आसपासच्या माळावर वेगळ्याच पिवळसर रंगाचे प्राणी दिसायला लागले तेव्हा 'द ग्रासलँड्स ट्रस्ट'ची मंडळी आणि बंगळुरूच्या संशोधकांनी त्यांचे केस गोळा करून जनुकं तपासली. २०२३ मध्ये निष्कर्ष आला : लांडगा आणि कुत्रा यांचा संकर. दोन लाख मारूनही जे झालं नाही ते उकिरड्यावर होऊ घातलं आहे.

गेल्या भाद्रपदात संध्याकाळी मी वाड्यावर बसलो होतो. पाऊस उघडलेला. कमानीच्या पलीकडच्या, अजून न विकल्या गेलेल्या पट्ट्यात पवना गुडघ्याएवढा वाढला होता. नातू वाघर उभी करत होता आणि त्याची बायको चहाला दूध तापवत होती. चुना मारलेल्या दगडाशेजारी तो येऊन उभा राहिला. उंच पाय, वाळलेलं अंग, खाली धरलेली मान. माझ्या छातीत जुनी धडधड सुरू झाली; सत्तरीच्या घरात आलेला माणूस, आणि क्षणभर मागं आजीचा कंदील आहे की काय असं वाटलं. "आलं," मी म्हणालो.

नातवानं वर पाहिलं. मग त्यानं वाड्यावरच्या कुत्र्याकडे पाहिलं.

कुत्रं उठलं होतं. ते सावकाश गवतातून पुढं गेलं, त्या प्राण्याजवळ थांबलं, नाकाला नाक लावलं. दोघं एकमेकांभोवती एकदा फिरले. मग आमच्या कुत्र्यानं शेपूट हलवली.

"वळखीचं हाय त्याच्या," नातू म्हणाला, आणि वाघरीच्या तोंडाशी उभं राहून मेंढरं आत सोडायला लागला. एकेक आत जाताना तो मोजत होता. मीही मनात मोजत होतो. सव्वाशे. पुरी भरली.